दिवाळीपूर्वींचें घर

भाद्रपदांतील पित्रपाट संपत आला, कीं मराठवाड्यांतील घरें उलटीपालटी होऊं लागतात. नांदेडकडील एखादें गोदाकांठचें गांव घ्या, किंवा लातूरकडील मांजरेच्या खोऱ्यांतलें घ्या. या आठ-दहा दिवसांत अंगणांत, ओट्यावर, आणि शहर असेल तर गच्चीवर, घरांतलें सारें सामान उन्हांत मांडलेलें दिसतें. गोधड्या व वाकळा नदीवर किंवा विहिरीवर जाऊन धुऊन येतात. तांब्यापितळेचीं भांडीं चिंचेनें व राखेनें घांसून पालथीं घातलीं जातात. डब्यांच्या तळाशीं राहिलेली गेल्या वर्षींची डाळ सुपांत घेऊन निवडली जाते. जेथें मातीच्या भिंती अजून उभ्या आहेत तेथें त्या पांढऱ्या मातीनें पोतारल्या जातात आणि जमीन सारविली जाते. सर्वपित्री अमावास्येला पितरांचें जेवण होतें, आणि दुसरे दिवशीं त्याच मोकळ्या झालेल्या घरांत घट बसतात.

या क्रमांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. दिवे, तोरणें, आकाशकंदील यांस अद्याप महिन्याभराचा अवकाश असतो. घर आधीं रिकामें होतें. सजतें तें मागाहून.

पाश्चात्य देशांतही हा काळ सणाचाच आहे. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं तिकडे हॅलोवीन पाळतात. आयर्लंड व स्कॉटलंडकडील लोक कापणीच्या अखेरीस एक जुना सण करीत असत, आणि त्या रात्रीं मृतांचे आत्मे घराकडे फिरकतात अशी त्यांची समजूत होती. आयर्लंडांत सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. तेथील लोक अमेरिकेंत जाऊन राहिले तेव्हां सलगमाची जागा तांबड्या भोपळ्यानें घेतली. आतां त्या भोपळ्यांबरोबर कागदी सांगाडे, कापसाचीं जाळीं, मुखवटे व मुलांचे पोषाख असें पुष्कळ सामान दर वर्षीं घरांत येतें आणि सण संपला तरी घराबाहेर जात नाहीं. सन २०२४ मध्यें नरकचतुर्दशी व हॅलोवीन हे दोन्ही दिवस एकत्र आले. परदेशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दोन सणांच्या सामानाला एकाच घरांत जागा करणें प्राप्त झालें. पितरांची आठवण, पिकाची रास आणि अंधारांतला दिवा हें सारें दोन्हीकडे आहे. पण आपल्याकडे पितर व दिवे यांच्यामध्यें सामान बाहेर काढण्याचा जो एक पंधरवडा आहे, तो तिकडच्या सणांत आढळत नाहीं. तो पंधरवडा आपल्याकडेही हळूहळू आटत चालला आहे, ही खरी चिंतेची बाब होय. कारण मराठवाड्यांत अडगळीचा प्रश्न केवळ दृष्टीला बरें दिसण्यापुरता कधींच नव्हता.

जुन्या मराठवाडी घरांत वस्तूंना जागा नेमून दिलेली असे, आणि ती जागा भिंतच देत असे. दरवाजांतून आंत शिरतांच ढाळज, तिच्यापुढें चौक, चौकाच्या कडेनें ओसऱ्या, आणि आंत माजघर व देवघर. दगडमातीच्या भिंती दोन-दोन हात जाड. त्यांच्या पोटांत कोनाडे, देवळ्या व फडताळें काढलेलीं असत. देवळींत दिवा, कोनाड्यांत रोजची वापरायची वस्तु, फडताळांत लोणच्याच्या बरण्या. धान्य बळदांत किंवा कणगींत, आणि ज्वारीचा मोठा सांठा जमिनींतील पेंवांत. माजघराच्या कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड, तिच्यांत बी-बियाणें आणि कधीं कधीं घरधनिणीनें कोणाला न सांगतां ठेवलेली चार नाणींही. पांघरुणें दांडीवर आणि पागोटें खुंटीवर. फरशीवर पडून राहील अशी वस्तु फारशी नसेच. त्या घरांतील लोक विशेष टापटिपीचे होते असें समजण्याचें कारण नाहीं. भिंत जाड होती आणि वस्तु थोड्या होत्या, एवढेंच.

त्या घराचा एक दोष मात्र कोणाच्या डोळ्यांपुढें नव्हता, कारण तो डोक्यावर होता. या घरांना कौलें नसत. वर माळवद असे. तुळयांवर लाकडें व फळ्या पसरून त्यांवर मातीचा जाड थर देत. उन्हाळ्यांत त्याखालीं गारवा राही आणि वर धान्य, मिरच्या व पापड वाळत. पावसाळ्यापूर्वीं गळती बुजविण्यासाठीं माळवदावर नवी माती टाकावयाची ही वहिवाट होती. नवी माती पडे, आणि जुनी बहुधा तशीच खालीं राही. आजोबांच्या वेळचा थर, त्यावर वडिलांच्या वेळचा थर, त्यावर चालू सालचा. घरांतील केर दररोज बाहेर जात होता आणि छतावरचें ओझें दर वर्षीं वाढत होतें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक थकून झोपी गेले होते. लातूर जिल्ह्यांतील औसा आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील उमरगा या तालुक्यांना सर्वांत मोठा तडाखा बसला. सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जगांत याहून मोठे धक्के पुष्कळ होतात आणि त्यांत इतकी हानि होत नाहीं. येथें मातीच्या सांध्यांतले गोल दगड सुटले, आणि त्यांवर पिढ्यान् पिढ्या सांठलेलें माळवद झोपलेल्या माणसांवर आलें.

त्यानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. रस्ते रुंद व सरळ आखले गेले आणि घरें हलकीं व मजबूत बांधलीं गेलीं. ज्याची जितकी जमीन त्या मानानें त्याला २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचें घर मिळालें. जीव सुरक्षित झाला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु अडीचशें फुटांच्या घरांत ढाळज नाहीं, माजघर नाहीं, आणि पातळ भिंतींत कोनाडाही नाहीं. बळद गेलें तरी धान्य यावयाचें राहिलें नाहीं. उतरंड गेली तरी बियाणें ठेवावेंच लागलें. जी वस्तु पूर्वीं भिंतीच्या पोटांत राहत होती ती आतां जमिनीवर आली, किंवा दाराच्या वरच्या माळ्यावर चढली. नांदेडच्या सिडको-हडको वसाहतींतील दोन खोल्यांच्या घराचीही अवस्था याहून निराळी नाहीं. म्हणून जुन्या घरांत जें काम भिंत करीत होती तें नव्या घरांत पंचांगाकडून करून घ्यावें लागतें. त्यासाठीं पंचांगानें जागाही ठेवलेली आहे.

पहिली फेरी घट बसण्यापूर्वींची. या फेरींत सामान पुसून परत जागेवर ठेवण्यांत फारसा लाभ नाहीं. एक खोली, किंवा एका खोलीचा एक कोपरा, पूर्ण रिकामा करून सामान उन्हांत न्यावें, आणि परत आंत येतांना प्रत्येक वस्तूला उंबऱ्यावर थांबवावें. गेल्या दसऱ्यापासून जिला हात लागला नाहीं ती वस्तु आंत येऊं देण्यापूर्वीं दोन माणसांनीं तिच्याविषयीं बोलावें. एकट्यानें ठरवूं नये. घरोघरच्या कलहांत सासूची पेटी व सुनेचें कपाट हा विषय जुना आहे, आणि न विचारतां फेंकलेली एक वाटी दहा वर्षें बोलून दाखविली जाते. फुटकीं बादली, पाय मोडलेली खाट, बंद पडलेला पंखा यांचा निकाल मात्र त्याच दिवशीं लावावा. दुरुस्तीला देतों असें म्हणून कोपऱ्यांत ठेवलेली वस्तु पुढच्या पित्रपाटांत त्याच कोपऱ्यांत सांपडते.

याच फेरींत मान वर करून छताकडे पाहावें. नांदेड-हिंगोलीकडील भाग अद्याप भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांतून सुटलेला नाहीं. २१ मार्च २०२४ च्या सकाळीं हिंगोली जिल्ह्यांत केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडपर्यंत जाणवला, तेव्हां पत्रे उडूं नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यावेत अशी सूचना प्रशासनानें लोकांना केली होती. पत्र्यावर दगड, माळ्यावर जातें, कपाटाच्या माथ्यावर पितळी हंडा व त्यांत भरलेलीं भांडीं, आणि त्या कपाटाच्या पायथ्याशीं मुलांचें अंथरूण, हें दृश्य आजही पुष्कळ घरांत दिसेल. जड वस्तु जमिनीलगत आणि हलकी वस्तु वर ठेवावी. पत्रा दगडाच्या भारानें न दाबतां आंकड्यांनीं पक्का बसवून घ्यावा. माळ्याखालींच निजणें भाग असेल तर त्या माळ्यावर पांघरुणें ठेवावीं, पाटा-वरवंटा ठेवूं नये.

अंगणांतील ढिगाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. जळण, विटा, जुनीं कौलें, तुराट्यांच्या पेंढ्या यांच्या आडोशाला विंचू राहतात, आणि पावसाळा सरतांना ते घरांत शिरतात. ढिगाऱ्यांत उघडा हात घालणाऱ्या बाईला किंवा पोराला त्याचा पहिला प्रसाद मिळतो. तांबड्या विंचवाचें विष थेट हृदयावर परिणाम करतें. मूळचे जालना जिल्ह्याचे आणि महाडला वैद्यकी करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कित्येकांचे प्राण वांचले. परंतु औषध दवाखान्यांत असतें. म्हणून मंत्र व उतारा यांत वेळ न घालवितां दवाखाना गांठावा. ढीग हलवितांना काठीनें आधीं चाळवावा, पायांत जोडे असावेत, आणि जळणाची रास घराच्या भिंतीला टेकून रचूं नये.

सोयाबीन नेमकें याच दिवसांत काढणीला येतें, आणि रिकामें केलेलें घर पुन्हां भरूं लागतें. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठीं प्रसिद्ध आहे. भाव मनाजोगता नसला कीं पोतीं घरांत येऊन पडतात आणि ओसरीची वखार होते. पोतीं भिंतीपासून हातभर दूर, लांकडी फळ्यांवर ठेवावीं; माल आधीं उन्हांत चांगला वाळवावा, नाहींतर त्याला बुरशी येते. बियाण्यासाठीं राखलेल्या सोयाबीनची थप्पी उंच लावूं नये, कारण त्या दाण्याचें टरफल नाजूक असतें आणि वरच्या पोत्यांच्या भारानें खालचा दाणा उगवणशक्ति गमावतो. नांदेडकडे सोयाबीनच्या मागोमाग कापूस येतो. कापसानें भरलेली खोली आणि तिच्याच खिडकींत लावलेली पणती हा योग दिवाळीखेरीज एरव्हीं येत नाहीं. ज्या घरांत कापूस असेल त्या घरानें दिवे अंगणांत व तुळशीपाशीं लावावेत, त्या खोलीचें दार-खिडकी सणाच्या चारही दिवशीं बंद ठेवावी, आणि फटाक्यांचा खोका त्या बाजूला नेऊंही नये. रोषणाई थोडी कमी झाली तरी चालेल.

दसरा व धनत्रयोदशी यांच्यामधल्या दुसऱ्या फेरींत पाण्याच्या भांड्यांचा समाचार घ्यावा. लातूरकरांना पाण्याची किंमत सांगावयास नको. २०१६ च्या एप्रिलांत त्या शहरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिलास पहिली गाडी पोंचली तेव्हां तिच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. ज्या घरानें तो उन्हाळा पाहिला त्यानें पिंपांची संख्या कमी करावी अशी अपेक्षा धरणें व्यर्थ आहे. पाणी सांठवावें, पण पिंपाला झांकण असावें आणि आठवड्यांतून एकदां तें रितें करून आंतून घांसावें. डेंग्यू पसरविणाऱ्या एडीस डांसाची मादी भांड्याच्या आंतल्या अंगाला, पाण्याच्या किंचित वर, अंडीं घालते. तीं भांडें कोरडें पडल्यावरही कित्येक महिने तग धरतात, आणि पाणी लागतांच आठ-दहा दिवसांत डांस तयार होतो. नुसतें ओतून दिल्यानें तीं जात नाहींत; घांसावें लागतें. शिक्षणासाठीं लातुरांत एकेका खोलींत तिघे-चौघे मिळून राहणारीं मुलें दिवाळीला गांवीं निघतात तेव्हां अर्ध्या भरलेल्या बादल्या तशाच टाकून जातात. खोलीला कुलूप लावण्यापूर्वीं त्यांनीं त्या पालथ्या केल्या तरी शेजाऱ्यांवर उपकार होतील.

नांदेडला हीच धुण्याघांसण्याची रीत फार मोठ्या प्रमाणावर, आणि धर्मविधि म्हणून, पाहावयास मिळते. गुरु गोविंदसिंगांचें देहावसान १७०८ सालीं नांदेडला झालें. तेथील तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्यें दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतें. गोदावरीचें पाणी घागरींतून आणून आंतला भाग धुतात, आणि एरव्हीं जपून ठेवलेलीं ऐतिहासिक शस्त्रें बाहेर काढून, स्वच्छ करून, पुन्हां आपापल्या जागीं ठेवतात. लहानमोठ्या सर्वांचा त्या घागरींना हात लागतो.

घरच्या आवराआवरींत मात्र सर्वांचा हात लागतो असें म्हणतां येत नाहीं. सोयाबीनच्या काढणीला जी बाई दिवसभर वाकून असते तीच संध्याकाळीं गोधड्या धुते, तीच फराळाचें करते आणि तीच उपासही धरते. घरांतील पुरुषानें बाजारांतून आकाशकंदील आणला कीं त्याची दिवाळी झाली. हा भार वांटून घेतला नाहीं तर वर सांगितलेलें कांहींच होणार नाहीं. माळ्यावरचें जातें खालीं उतरविणें हें एकट्या बाईचें काम नव्हे. पत्रा, माळा, पोतीं आणि जळण हीं चार कामें पुरुषांनीं घट बसण्यापूर्वीं अंगावर घ्यावींत. त्यांत अवघड असें कांहीं नाहीं. पांच-सहा संध्याकाळींचा प्रश्न आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. समुद्रमंथनांत लक्ष्मीच्या आधीं तिची थोरली बहीण निघाली. ती ज्येष्ठा, म्हणजेच अलक्ष्मी. केरकचरा व भांडणें असलेल्या घरीं तिचा मुक्काम असतो असें पुराणें सांगतात. पूर्वीं त्या रात्रीं सूप वाजवीत तिला घराबाहेर घालवीत. या कथेंत मोठी मार्मिक गोष्ट अशी, कीं दोघी बहिणी आहेत. घरांत वस्तु येऊं लागल्या म्हणजे धाकटीच्या मागोमाग थोरलीही येते. किनवट-माहूरकडील बंजारा तांड्यांत याच अमावास्येला मुली हातांत दिवा घेऊन घरोघर जातात, गाणें म्हणतात, आणि वडीलमाणसें त्यांना कांहीं पैसे देतात. मेरा मागणें असें त्या रीतीला म्हणतात. एक दिवा आणि एक गाणें एवढ्यावर तो सारा सोहळा होतो, आणि दुसरे दिवशीं उचलून ठेवावें असें कांहीं मागें उरत नाहीं.

बाकीच्या घरांत उरतें. महालक्ष्म्यांचे मुखवटे व आरशीचें सामान, घटाची परात, आकाशकंदील, विजेच्या माळा, पणत्या हें सारें भाद्रपदापासून एकेक करून बाहेर निघालेलें असतें, आणि तुळशीचें लग्न होईपर्यंत घरांत विखुरलेलें राहतें. त्यासाठीं पत्र्याची एकच पेटी असावी. तिच्यांत मावेल तेवढेंच सणाचें सामान. नवा कंदील घ्यावयाचा तर जुना पेटींतून निघाला पाहिजे. मुखवटे मऊ सुती कापडांत गुंडाळून वरच्या बाजूला ठेवावेत, पणत्यांमधलें तेल पुसून काढावें म्हणजे मुंग्या लागत नाहींत, आणि विजेच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळाव्या. कार्तिकी पौर्णिमा झाली कीं पेटी बंद करून, तिच्यावर खडूनें आंतल्या वस्तूंचीं नांवें लिहून, ती खाटेखालीं सरकवावी. माळ्यावर चढवूं नये.